आरसी बुकातलं कापलेलं नाव

मंडळी, शिरपूरच्या एका नानांकडून साठच्या दशकातली मोटार घेतोय. तिचं मूळ आरसी बुक उंदरांनी कुरतडलेलं, म्हणून आज सकाळी जळगावला घरी चिमट्याने तुकडे जुळवत बसलो होतो.

सगळ्या तुकड्यांच्या कडा दातेरी होत्या. मालकाच्या नावाच्या जागी मात्र सरळ, चौकोनी भोक. उंदीर असं कापत नाही! गाडी चोरीची तर नाही?

लगेच फोन लावला. नानांना थेट विचारलं.

"चोरीनी नही शे, भाऊ. मोठ्या भावाच्या नावावर होती, वाटणीत माझ्याकडे आली. पुढे आमचं बोलणं तुटलं, तेव्हा रागाने मीच ब्लेडने नाव कापलं."

"म्हणजे कागदावर मालक अजून तेच? मग त्यांची सही लागेल."

"तो यावलला असतो. जा तुम्ही. पण मी पाठवलं म्हणू नका."

मला अजून वाटतंय, सही मागावी लागू नये म्हणूनच त्यांनी ते नाव उडवलं. पण फोन ठेवता ठेवता त्यांनी हळूच म्हटलं, "त्याची तब्येत कशी आहे, तेवढं बघून या."

उद्या यावलला निघतोय. तुम्ही नानांवर विश्वास ठेवला असता का?