पहिल्या मण्यापासून

आज फणसाच्या लाकडाचे कपाट उघडले, तेव्हा डांबरगोळ्यांच्या वासाबरोबर एक जुने पुस्तक हाती आले. देवदूतांच्या विनोदी गोष्टींच्या मालिकेतला हा तिसरा भाग. मुलगी शाळेत असताना तिने ही मालिका एका ख्रिस्ती मैत्रिणीकडून आणली होती. वेड मात्र माझ्या पत्नीला लागले.

एका सकाळी मी जपाला बसलो होतो आणि ती पडवीत मोठ्याने वाचत होती. "अहो, ऐकलंत का? या देवदूताला उंचावर गेलं की भोवळ येते! देवाचा निरोप घेऊन निघालाय आणि चर्चच्या घंटेला मिठी मारून बसलाय!"

मी ओठ घट्ट मिटले, तरी हसू फुटलेच. जपात खंड पडला की माळ पुन्हा आरंभापासून धरायची, हा माझा नेम.

"हसलात! चला, पहिल्या मण्यापासून," ती म्हणाली. "तुमच्या देवाला कुठे घाई आहे?"

तिसऱ्यांदा आरंभ करावा लागला तेव्हा मी रागावलो. तिने निमूटपणे पुस्तक मिटले आणि पुन्हा कधीही जपाच्या वेळी उघडले नाही.

ती गेल्यापासून माळ रोज एका बैठकीत पूर्ण होते. आज मात्र अर्ध्या माळेवर थांबून मी तेच पान मोठ्याने वाचले, आणि पहिल्या मण्यापासून पुन्हा आरंभ केला.