भामाबाई मुंबईच्या धक्क्यावर

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा चाकूरच्या भामाबाईला तिथल्या एका सरकारी कचेरीत शिपायाची नोकरी लागली. नवऱ्याला दारूनं खाल्लं होतं. त्याच्यामागं तिनं एकुलत्या एक सुगतला शिकवलं आणि तो नौदलात लागला. इथवर सगळं ठीक होतं. पण सत्त्याऐंशी साली, ऐन दुष्काळात, त्याचं पत्र आलं: शिडाच्या होडीतून मी एकटाच मॉरिशसला जाऊन परत येणार आहे.

हेडक्लार्क नागप्पांनी ते वाचून दाखवलं. भामाबाई भडकली. "एकटाच? दुसरा माणूस द्यायला सरकारजवळ माणसं न्हाईत का? हितं एक फाईल उचलायला तिघं लागतेत!"

मग रोज सकाळी ती नागप्पांच्या टेबलामागचा जगाचा नकाशा ओल्या फडक्यानं पुसू लागली. हिंदी महासागरावर फडकं इतकं फिरलं की चौथ्या महिन्यात मॉरिशस बेट निघूनच गेलं.

पाचव्या महिन्यात सुगत येतोय असं कळलं. भाऊ ग्यानोबाला घेऊन ती एसटीनं मुंबईला गेली. धक्क्यावर बँड, हार, पांढऱ्या कपड्यांतले साहेब. ग्यानोबा समुद्राकडं बघतच राहिला.

"अक्का, एवढं पानी! अन् आपल्याकडं टँकर हप्त्यातून एकदा."

"खारं हाय ते."

"तू चाखलंस का?" म्हणत तो पायऱ्या उतरून गेला, अन् थुंकत परत आला.

तेवढ्यात बँड वाजायला लागला. भामाबाई मोठं जहाज शोधत होती. साहेबानं बोट दाखवलं तिकडं एक इवलंसं शीड हलत होतं. होडी जवळ आली, तरी बैलगाडीहून फार मोठी दिसेना. एवढ्याशा लाकडावर पोरगं पाच महिने होतं?

सुगत धक्क्यावर चढला. दाढी वाढलेली, कातडी रापलेली. आईला बघून हसला, दोन पावलं टाकली, डावीकडं झुकला, मग उजवीकडं. ही चाल भामाबाईनं बारा वर्षं दारात बघितली होती. ती पुढं झाली आणि सगळ्यांदेखत तिनं थोबाडीत ठेवून दिली.

"पिऊन आलास व्हय रं!"

बँड थांबला. एक साहेब धावत आला. "बाई, पिलेला नाही तो! इतके दिवस होडीत राहिलं की जमीनच हलल्यासारखी वाटते."

भामाबाईनं तरी तोंडाचा वास घेतला. मग त्याला घट्ट धरून धाय मोकलून रडली. "मला सांगायला काय झालतं?"

"तू बोलू दिलंस का?" गाल चोळत सुगत म्हणाला.

रजा घेऊन तो आईबरोबर गावाकडं निघाला. समुद्रात एकदाही न ओकलेला पोरगा सोलापूरपासून औशापर्यंत एसटीच्या खिडकीतून तीनदा ओकला. त्याच्या सफरीची हकिकत ग्यानोबानं आधीच सगळ्या गाडीला सांगितली होती. कंडक्टर हसायला लागला. "दर्या ओलांडून आला म्हणता, मग गाडी कशी लागती?"

भामाबाई पोराची पाठ चोळत म्हणाली, "तिथं तो सोता हाकीत हुता!"