कुट्टी मशीनपाशी

सिंदेवाहीला माझ्या गोठ्यावर विजेच्या मोटारी दुरुस्त करायला येणारा तो माणूस वायरींशी बोलायचा. "थांब न वो बाई, तुलेच जोडून राह्यलो," म्हणत त्याने चारा कापायच्या कुट्टी मशीनच्या तोंडाशी भंगारातला सेन्सर बसवला आणि एका छोट्या अर्डुइनो बोर्डाला जोडला. हात जवळ आला की मोटार बंद. त्याने स्वतःचा हात नेला, मोटार थांबली, आणि तो ऐटीत हसला.

चारा घालणाऱ्या बाईने हात नेऊन पाहिला. "भाऊ, माह्या हातानं काऊन नाई थांबत?"

त्याने मनगटातलं स्टीलचं कडं काढून पुन्हा हात नेला. पाती फिरतच राहिली. त्याचा चेहरा उतरला.

"याले लोखंड समजते, माणूस नाई. दुसरा सेन्सर येईपर्यंत मशीन लावू नका, भाऊ," तो मला म्हणाला.

मी हो म्हटलं आणि त्याच संध्याकाळी मशीन लावली. जनावरं उपाशी होती, असं मी सांगतो. खरं म्हणजे आत जाणारे हात माझे नव्हते.

त्याला ते कळलं. आता कुट्टीच्या वेळी तो रोज येतो आणि स्विचवर बोट ठेवून उभा राहतो. वायरीशीही बोलत नाही. मी चहा विचारतो. तो बाईच्या हातांवरची नजर हलवत नाही.