वडिलांचं नाव नाही म्हणून अर्ज अपूर्ण

मंडळी, आज देवपूरच्या एका कॉलेजात माझ्याच कोडने मला मान खाली घालायला लावली.

तिथल्या प्रवेशाची वेब पानं मी लिहिली आहेत. विद्यार्थ्याचं नाव दाखवायला एक टॅग, म्हणजे पुन्हापुन्हा वापरता येणारा कोडचा तुकडा बनवला, अशा तुकड्यांच्या टॅग लायब्ररीत ठेवला आणि सगळ्या पानांवर तोच वापरला. त्यात एक्स्प्रेशन लिहून, म्हणजे कोडच्या एका ओळीत, अट घातली: वडिलांचं नाव रिकामं असेल, तर लाल अक्षरांत ‘अर्ज अपूर्ण’ दाखव.

आज मी प्रवेशाच्या रांगेपाशी मदतीला बसलो असताना एक मुलगी आईला घेऊन आली. तिच्या प्रत्येक पानावर तीच लाल अक्षरं. मी रांगेसमोरच खेकसलो, "वडिलांचं नाव का नाही टाकलं?"

आई शांतपणे म्हणाली, "भाऊ, फारम बठ्ठा भरेल शे. मनं नाव टाकेल शे ना तठे."

खरं होतं. अर्ज पूर्ण भरलेला होता, त्यात आईचं नावही होतं. आईच्या नावाचा रकाना मीच ठेवला होता; अट लिहिताना मात्र तो मला आठवलाच नाही.

अट एकाच जागी बदलली आणि पाच मिनिटांत सगळी पानं सुधारली. मग मी दोघींची माफी मागितली. तोवर जेवणाची सुट्टी होऊन रांग पांगली होती.

माझं खेकसणं रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं. माफी त्यांना कोण ऐकवणार?