आईची माफी, वडिलांची माफी

नोकरीतल्या बहुतेक केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्यात. पण ग्वाल्हेरच्या माधवगंजातल्या त्या मुलाची केस मला अजून जशीच्या तशी आठवते, आणि आठवली की हसू येतं. खुनाच्या केसबद्दल असं बोलू नये, पण पुढे वाचाल तर तुम्हालाही पटेल.

मी तेव्हा लष्कर भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. पावसाळा ऐन भरात होता. सकाळची हजेरी चालू असताना एक तरुण आत आला. अंगावरचे कपडे चिखलाने वाळून कडक झालेले, एका पायात चप्पल नाही. ड्यूटीवरच्या हवालदाराला तो म्हणाला, "मी माझ्या मित्राचा खून केलाय. मला आत टाका."

दोघं एकाच गल्लीत वाढलेले. मित्राचं घराणं मराठी, दख्खनेतून आलेलं, दरबारी. वडील कोर्टातून बाबू म्हणून निवृत्त झाले होते, आई घरी मुलींना गाणं शिकवायची. ह्याचं घराणं फौजेतलं. वडील वारलेले, घरी आई आणि बहीण. आदल्या दिवशी दोघं मोटरसायकलवरून सिंध नदीचा पूर बघायला गेले. तिथे मित्राने सांगितलं की तुझ्या बहिणीशी मी लग्न करणार आहे, तिचंही ठरलंय. आपल्यापासून लपवलं म्हणून ह्याचं डोकं फिरलं. त्याने मित्राला ढकललं, आणि रपट्यावरून, म्हणजे नदीवरच्या बुटक्या पुलावरून, वाहणारं पाणी मित्राला घेऊन गेलं. ह्याने मागोमाग उडी मारली, पण हाताला काही लागलं नाही.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. म्हणून गुन्हा नोंदवून आम्ही त्याला अटक केली, कोर्टाकडून रिमांड घेतला आणि पुन्हा पुन्हा विचारलं. खोटं बोलणारा दर वेळी तीच गोष्ट त्याच शब्दांत सांगतो. हा दर वेळी काहीतरी नवं आठवून रडायचा. त्याने मला एकच प्रश्न विचारला, फाशी होईल का? ते कोर्ट ठरवेल, असं मी म्हणालो. "व्हायला पाहिजे," तो म्हणाला.

वाहून गेलेल्या मुलाच्या वडिलांचंही तेच म्हणणं होतं. कोर्टात जन्म गेलेला माणूस, सुटलेले खुनी त्यांनी फार बघितले होते. माझ्या टेबलासमोर ताठ बसून त्यांनी सांगितलं की केस कच्ची ठेवू नका, मला फाशीपेक्षा कमी काही नको. ठाण्यातही चहाच्या वेळी दोन तट पडले. जुने जमादार वडिलांच्या बाजूचे. एक महिला शिपाई म्हणायची, रागात झालेल्या गोष्टीला फाशी कशी द्यायची? मला दोघांचंही पटायचं.

मग वाहून गेलेल्या मुलाच्या आई एकट्या आल्या. त्याला बघू द्या म्हणाल्या. लॉकअपसमोर उभ्या राहिल्या तेव्हा त्याने तोंड भिंतीकडे केलं.

"इकडे बघ," त्या म्हणाल्या. "मी तुला माफ केलं. शिक्षा होईल ती भोग. पण मरायचं नाहीस. त्याच्या सगळ्या गोष्टी तुला माहीत आहेत. मला कधी त्याच्याबद्दल बोलावंसं वाटलं, तर कुणाशी बोलू?"

बाहेर येऊन त्यांनी मला विनंती केली की हे ह्यांना सांगू नका, घरी बिलकुल सहन होणार नाही.

नदीकाठच्या सगळ्या ठाण्यांना आम्ही वायरलेसवरून कळवलं होतं. सापडलेली दोन प्रेतं वडील बघून आले. दोन्ही परकी निघाली. मग खालच्या अंगाच्या एका गावातून, तिथल्या ठाण्याकडून आमचा निरोप कळल्यावर, एका दूधवाल्याचा फोन आला.

"साहब, लाश तो नहीं मिली. पर एक ज़िंदा मिला था. वो चलेगा?"

मी म्हणालो, चालेल. पळेल.

त्याने पुरातून काढलेल्या तरुणाला ट्रॅक्टरवरून शेजारच्या जिल्ह्यातल्या दवाखान्यात पोचवलं होतं. मी तिथे फोन लावला. नर्स म्हणाली, डोक्याला मार लागलेला एक माणूस आहे, धड शुद्धीवर नाही, पण तुमचा नसणार. साउथचा कोणी मजूर असेल, हिंदी बोलतच नाही.

मग बोलतो काय?

"पूड़ी मांगता है साहब. चम्मच मुंह तक ले जाओ तो पूड़ी-पूड़ी करता है. पूड़ी मंगवाई, तो मुंह फेर लिया."

माझ्या घरीही मराठीच बोलतात. मी खुर्चीतून उठलो. नर्सला फोन त्याच्या कानाशी धरायला सांगितला आणि विचारलं, "बाळा, आणखी वाढू का?"

पलीकडून क्षीण आवाज आला, "पुरे."

आईवडिलांना मी माझ्याच गाडीतून नेलं. आईने कपाळावर हात ठेवल्यावर मुलाने डोळे उघडले आणि ओळखून हसला. वडील दाराची चौकट धरून रडत होते. सावरल्यावर त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती ही: "त्या पोराला कळवलं का?"

मीच जाऊन कळवलं. तो इतका हसायला लागला की पहारेकरी धावत आला. खुनाचं कलम गेलं, दुसरं लागलं. कोर्टाने दिलेली शिक्षा त्याने पूर्ण भोगली. बहिणीचं आणि मित्राचं लग्न त्याच्या सुटकेसाठी थांबवलं होतं.

दर्पण कॉलनीतल्या त्या लग्नाला मी गेलो होतो. भाऊ पंगतीत आग्रह करत फिरत होता, नवरदेव त्याची टर उडवत होता. वडील माझ्याशेजारी येऊन बसले. पत्नीने तेव्हाच माफ केलं होतं, हे त्यांना एव्हाना कळलं होतं.

"साहेब, माफ मीही केलं," ते म्हणाले. "पण माझा मुलगा परत मिळाल्यावर. हिने केलं तेव्हा हिच्या हातात काहीच नव्हतं."

फाशी असावी की नसावी, यावर मला आजही ठाम बोलता येत नाही. काही खुनी मी असे बघितलेत की त्यांच्यासाठी कुणी दया मागितली तर राग येईल. पण एवढं शिकलो की शिक्षा ठरवायची घाई करणाऱ्यालाही दुष्ट समजू नये. ते बहुतेक वेळा दुःखच बोलत असतं. आणि त्या दुःखातही कुणी माफ करत असेल, तर त्या माणसाला भाबडं समजू नये. त्या दिवशी जेवण झाल्यावर मी आधी वधूवरांना नाही, त्या माउलीला नमस्कार केला.