उपाशी पोरींची साक्ष

"हिला बघा. प्रभू वधस्तंभावर असताना हिला भाकरी सुचली."

मेट्रनबाईंनी दंड धरून मला वेदीसमोर उभं केलं होतं. गुड फ्रायडेची दुपारची उपासना. समोर नाशकातली जुनी ख्रिस्ती घराणी. पांढऱ्या साड्या, इस्त्रीचे शर्ट. मी अकरा वर्षांची, पेठ तालुक्यातल्या पाड्यावरची, मिशनच्या वसतिगृहात शिकायला ठेवलेली. घास तोंडातच होता. गिळता येईना, थुंकता येईना.

"म्हण, मी प्रभूला खिळे ठोकले."

मी म्हटलं.

"मोठ्यानं."

मोठ्यानं म्हटलं. पुढच्या बाकावरच्या बाईनं नाकाला रुमाल लावला. माझ्या अंगाला धुराचा वास येत होता.

तो धूर कुठला, तेही सांगते. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचे, चाळीस दिवस आम्हा मुलींचं संध्याकाळचं जेवण बंद असायचं. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. पाहुणे आले की मेट्रनबाई आम्हाला ओळीत उभं करायच्या. "आमच्या मुली स्वखुशीनं उपास करतात हं." पाहुण्यांचे डोळे भरून यायचे. वाचलेला तांदूळ ईस्टरच्या मेजवानीत शिजायचा. त्या शुक्रवारी आम्हाला नुसतं पाणी. आणि मी सकाळपासून चुलीपुढे, कारण मेट्रनबाईंना गोळ्या घ्यायच्या होत्या, त्यासाठी पोटात काहीतरी लागतं. त्यांच्या भाकरीतला चतकोर मी फ्रॉकच्या खिशात घातला. एवढंच.

पुढच्या वर्षी त्याच दिवशी सोनी सापडली. माझ्याच पाड्यावरची, आठ वर्षांची. मुठीत भात. मेट्रनबाई तिला ओढत वेदीकडे न्यायला लागल्या. सोनी माझ्याकडे बघत होती. मी उठले.

"तिला सोडा. भात मी दिला. सकाळी तुम्ही जेवलात, त्यातलाच उरलेला."

पाळकसाहेबांनी पुस्तकात मान घातली. मेट्रनबाईंनी मला दोन थोबाडीत दिल्या.

"म्हण, मी प्रभूला..."

"नाही म्हणणार."

ईस्टरच्या सकाळी माझी पेटी बाहेर ठेवली. बाप द्राक्षाच्या मळ्यात मजुरीला होता, त्याला बोलावून घेतलं.

"काय केलं गं?" त्यानं विचारलं.

"सोनीला भूक लागली होती. भात दिला."

"मंग बरं केलं." त्यानं पेटी खांद्यावर घेतली.

बापाला वाचता येत नव्हतं. पण पाड्यावर कुणी आजारी पडलं की आपली भाकर तो तिकडं नेऊन द्यायचा, आणि जेवून आलो म्हणून आईला सांगायचा. उपास म्हणजे काय, ते मी त्याच्याकडून शिकले.

सरकारी शाळेत शिकून मी नर्स झाले. गुड फ्रायडेला मीही उपास धरते. दार लावून, कुणाला न सांगता. आणि दर वर्षी एकच कबुली देते. भाकरी खाल्ल्याचा पश्चात्ताप मला कधी झाला नाही. अकरा वर्षांची असताना मी माझ्या भुकेला पाप म्हटलं, त्याचा होतो.

मागच्या आठवड्यात वसतिगृहाचं पत्र आलं. मेट्रनबाईंचा सत्कार आहे. त्यांनी मला कसं घडवलं, याची साक्ष द्यायची आहे. मी होकार कळवला. मग मनमाडला सोनीला फोन केला. ती म्हणाली, "मीबी येते. पुढच्या बाकावर बसते."

लोक म्हणतील, म्हातारीला क्षमा कर. मेट्रनबाईंनी ती माझ्याकडे कधी मागितली नाही. मागितली तरी एकट्या माझ्याकडे मागून भागणार नाही. वसतिगृहातल्या चाळीस पोरींकडे मागावी लागेल.

त्यांच्या अंगावर शाल पडायच्या आधी माईक माझ्या हातात असेल. मी नावं वाचणार आहे. उपाशी झोपलेल्या एकेका मुलीचं, आठवतील तेवढी सगळी. मेट्रनबाई उठून चालायला लागल्या तर मीही निघेन. त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत मागून वाचत जाईन.