एक दिवसाआडची गोधडी

माझा स्वभाव मुळातच संशयी. घरचे याला खोड म्हणायचे, पण माझी नोकरी याच खोडीवर चालली. सुरतेत प्लेग येऊन गेला, त्याच्या पुढच्या वर्षी मला रोजंदारीवर तापाच्या पाहणीचं काम मिळालं. डिंडोलीतल्या गल्ल्या, दर आठवड्याला प्रत्येक घर आणि एकच प्रश्न: घरात कुणाला ताप आहे का? असला तर बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा आणि तपासायला पाठवायचा.

ताप कुणालाच नसायचा. पावसाचं पाणी गल्लीत महिना महिना साचलेलं, डासांनी उच्छाद मांडलेला, आणि घरोघर सगळे ठणठणीत. लोक खोटं बोलत होते हे उघड होतं. का बोलत होते तेही कळत होतं. प्लेगच्या दिवसांत नुसत्या खोकल्यावरून माणसं गाडीत घालून नेलेली त्यांनी पाहिली होती. तरी कुणी तोंडावर थाप मारली की माझं डोकं फिरायचं. मग मी विचारायचं कमी केलं आणि नुसतं बघायला लागले. भर दुपारी चुलीवर पेज कुणासाठी? कापडाच्या लूमवर जाणारा माणूस दिवसपाळी सोडून घरात का?

एका खोलीत खानदेशातून आलेली म्हातारी, तिचा मुलगा आणि सून अशी तिघंच राहायची. सून पोटुशी, सातवा लागलेला. सुरतेत मला सगळे बेनच म्हणायचे, तशी म्हातारीही म्हणायची. "नही वं बेन, कोनलेच ताप नही," एवढं सांगून ती दारातूनच वाटेला लावायची. पण माझी बस त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी थांबायची, त्यामुळे त्यांच्या दारापुढची भिंत मला रोज दिसे. सोमवारी भिंतीवर गोधडी वाळत होती. मंगळवारी नव्हती. बुधवारी पुन्हा होती, शुक्रवारी पुन्हा. इतक्या उकाड्यात गोधडी पांघरतं कोण, आणि एक दिवस सोडून घामाने भिजवतं कोण? असा नेमाने येणारा ताप मलेरियाचा, एवढं आम्हाला शिकवलं होतं.

शनिवारी मी म्हातारीला दारातच गाठलं. "मावशी, सोमवार, बुधवार, शुक्रवार. सुनेला थंडी वाजून येते ना?"

मी सुनेच्या उशापायथ्याशी बसून सगळं पाहिलं असावं, तशी ती माझ्याकडे बघत राहिली. मग बाजूला झाली. तपासणीत मलेरियाच निघाला. गोळ्यांनी ताप उतरला. डॉक्टरांनी मला बजावलं, "हा ताप दबून राहतो आणि पुन्हा उसळतो. बाळंत होईपर्यंत तिच्यावर लक्ष ठेवा."

आणि मी काय केलं, तर फुशारकी मारली. नळावर जमलेल्या बायकांना गोधडीवरून ताप कसा पकडला ते रंगवून सांगितलं. त्या हसल्या, एकमेकींकडे बघून हसल्या. मला ते कौतुक वाटलं.

इकडे त्या खोलीत औषध फवारायला माणसं आली, ते साऱ्या गल्लीने पाहिलं. घरमालक प्लेगमध्ये कुलूप लावून पळालेला माणूस. त्याने म्हातारीच्या मुलाला बोलावून सांगितलं, "फरी ताव आव्यो तो रूम खाली करी देजो." पुन्हा ताप आला तर खोली सोडायची. मुलाने मला हे सांगितलं, रागाने नव्हे, नुसतं सांगितलं. असं कुणी कुणाला काढत नसतं, असं म्हणून मी पुढच्या दारी गेले.

त्यानंतर गल्लीतल्या सगळ्या भिंती मोकळ्या झाल्या. जन्माची संशयी मी, पण तेव्हा मला कसलाही संशय आला नाही. उलट बरं वाटलं. ताप हटला, आणि तो आपण हटवला. म्हातारीच्या दारी मी सलग तीन आठवडे आत पाऊल न टाकता, भिंतीकडे बघून 'ताप नाही' लिहिलं. म्हातारीचा शब्द मी तेव्हा पहिल्यांदाच खरा मानला, कारण तो मला सोयीचा होता.

चौथ्या आठवड्यात म्हातारी उंबऱ्यात बसली होती. आत सून भिंतीकडे तोंड करून पडली होती. दिवस भरायच्या आधीच ती बाळंत झाली होती. मूल मेलेलंच जन्मलं.

"ताप आला होता?" मी विचारलं.

"उना व्हता. आठ दिन."

"मग गोधडी?"

"घरमाच सुकाडी, पंखाखाले. तुले दखाई म्हनीसन."

मला दिसेल म्हणून. तिच्या आवाजात रागही नव्हता. माझ्या पिशवीत गोळ्या होत्या मावशी, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण त्यांना भिऊन वागायला मीच शिकवलं होतं, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं एवढं एक काम माझ्याकडून झालं नव्हतं. मला स्वतःची किळस आली.

मी आत गेले आणि सुनेजवळ बसले. इतक्या आठवड्यांत मी तिच्या बोटाला सुई टोचली होती, पण तिला हात लावून कधी पाहिलं नव्हतं. आता मी तिच्या कपाळाकडे हात नेला. तिने डोकं मागे घेतलं.

"आत्ते ताप नही शे, बेन," ती म्हणाली.